ठकीच्या हातांसाठी

८ जुलै

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसतेस, तासाभरानं उठून दोन पावलं चालत जा. सुपरवायझर बाईंनी डोळे वटारले तरी चालत जा. जावईबापूंचा गुडघा काय म्हणतो? नव्या शहरात चढउतार फार आहेत असं ऐकतो, म्हणजे बसचा क्लच दाबून दाबून त्याचं पार भजं झालं असणार. शेक घेतात का, की मला काही होत नाही म्हणून मिरवतात? विहीणबाईंचा मोतीबिंदू पिकला का? त्यांना माझ्या वतीनं सांग, घाई करू नका, दिसायला लागलं की आधी कोपऱ्यातली जळमटं दिसतील आणि मग कंबर धरेपर्यंत झाडत बसाल. आणि ठकी? खोकला गेला का? पुढचा दात हलत होता तो पडला का अजून जिभेनं ढकलत बसते?

चार झाले. पाचव्याची चौकशी करायला पेन आपसूक पुढं सरकतं, त्याला मागं ओढावं लागतं. टिल्लूला जाऊन आता पाच महिने होतील. तीन वर्षांचं पोर, पण घरातली सगळ्यात जास्त जागा त्यानंच अडवली होती.

सामानाचा टेम्पो निघताना तू म्हणालीस, "बाबा, आता आम्हाला काही पाठवू नका. काही करून देऊ नका आणि काही शिकवूही नका." मी मान हलवली. पण हलवलेली मान म्हणजे काही कागदावरची सही नव्हे. तेव्हा रागव, पण वाच.

सोबत दोन जाड कागद आणि रंगाच्या चार पुड्या आहेत. पाऊस रिपरिपत असेल तेव्हा करायचं. मुसळधार असेल तर नको, सगळा रंग गटारात जाईल. कागद ताटात ठेवायचा. ठकीनं चिमटीत पूड घेऊन वरून भुरभुरवायची, जेवणात मीठ टाकतो तशी. मग ताट दाराबाहेर धरायचं, दहापर्यंत मोजायचं आणि आत घ्यायचं. चित्र पाऊस काढतो. एक थेंब एक फूल, दुसरा थेंब एक माशी, जे निघेल ते आपलं. वाळेपर्यंत हात लावायचा नाही, ही एकच अट. कागदाच्या पाठीला मी आधीच खळ लावून तो वजनाखाली वाळवलाय, म्हणजे भिजला तरी गोळा होणार नाही. हे तिला सांगू नकोस. अवघड ते आपण गुपचूप उरकून ठेवायचं आणि सोपं तेवढं पोराच्या हातात द्यायचं, म्हणजे ते "मी केलं, मी केलं" म्हणून घरभर नाचतं. माझी पहिल्यापासूनची रीत आहे ती.

त्या माळेबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

तुझे,
बाबा


२ सप्टेंबर

चि. लेकीस आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, पण विहीणबाईंचं कार्ड आलं. शेजारणीकडून लिहवून घेतलंय, तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. डोळ्यांनी दिसत नसलं तरी घरात काय चाललंय ते त्या बरोबर बघतात.

त्यांनी लिहिलंय, ठकी हातानं काही करत नाही. घास भरवावा लागतो. फणी धरत नाही, पाटीवर अक्षर काढत नाही. शाळेत बाईंनी सगळ्या मुलांना कागद आणि कात्री दिली, तर ही दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसून राहिली. बाईंनी जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्या हातांनी केलेलं खाल्लं की माणूस मरतं."

मी ते कार्ड घेऊन शेजारी घड्याळजीकडे गेलो. चष्मा घरी राहिला होता असं नाही. माझ्या डोळ्यांनी वाचलेलं खोटं निघावं म्हणून त्याला वाचायला दिलं. त्यानं डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच वाचलं. नेहमी मला म्हणतो, "मास्तर, तुमची जीभ म्हणजे किल्ली दिलेलं घड्याळ." त्या दिवशी नुसतं कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं.

पोरी, मी शाळेत गेलो नाही. बाइंडिंगच्या कारखान्यात आठव्या वर्षी लागलो आणि छापून आलेले ताव मोडता मोडता अक्षरं ओळखायला शिकलो. सोळा पानांचा एक फॉर्मा. वरचं पान वाचून होतंय तोवर खालचा गठ्ठा यायचा. त्यामुळे माझ्या डोक्यात शेकडो गोष्टींची सुरुवात आहे आणि शेवट एकीचाही नाही. अडाणी माणसाचा सल्ला म्हणून ऐक: ठकीला बोलू नका, समजावू नका, लहान मुलं विसरतात. जे झालं त्यात तिची चूक नाही. कुणाचीच नाही. गुंजांची माळ होती, टिल्लूनं तिच्यातल्या दोन गुंजा चावून खाल्ल्या, गुंज विषारी असते हे आपल्याला ठाऊक नव्हतं. एवढंच झालं. एवढंच तिला सांगा.

वारा सुटायचे दिवस आहेत, भिरभिरं पाठवतोय. चौकोनी कागद कोपऱ्यांकडून मधोमध येईपर्यंत चिरलाय, चारी टोकं मध्ये दुमडून टाचणी मारायची एवढंच शिल्लक आहे. टाचणीचं टोक मी वाकवून बोथट केलंय. तिच्यासमोर टेबलावर नुसतं ठेवून दे. घे म्हणू नकोस.

तुझे,
बाबा


१९ ऑक्टोबर

चि. लेकीस,

सगळे बरे असाल असं धरून चालतो.

पानं पिवळी पडायला लागली आहेत. सहा पाठवली आहेत, जुन्या जाड पुस्तकात दाबून. पानाच्या पाठीला, शिरा वर आलेल्या असतात त्या बाजूला, रंग लावायचा आणि कागदावर टेकवून वरून मूठ दाबायची. पान उचललं की खाली त्याचा सांगाडा उमटतो. मूठ पुरते. बोटं लागत नाहीत.

मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं खरं नव्हतं. म्हणजे खोटं नव्हतं, पण हातचं राखून लिहिलं होतं. त्या रविवारी आपण टिल्लूला घेऊन दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "बिया अख्ख्या होत्या की फुटलेल्या?" तू पर्स धुंडाळत होतीस, उत्तर मी दिलं. अख्ख्या होत्या म्हणालो. वर शहाणपणानं म्हणालो की लहानपणी आम्ही पैजेनं गुंजा गिळायचो, दुसऱ्या दिवशी जशाच्या तशा बाहेर पडायच्या. डॉक्टर म्हणाले, अख्खी असेल तर कवच टणक असतं, सहसा अपाय होत नाही, घरी न्या, लक्ष ठेवा. आपण त्याला घरी आणलं. वाटेत तो माझ्या खांद्यावर बसून दुकानांच्या पाट्यांना टपल्या मारत होता.

आज एवढंच जमतंय.

बाबा


३० नोव्हेंबर

चि. लेकीस,

तुझी पाठ? विहीणबाईंचे डोळे? जावईबापूंचं विचारत नाही, ते परवा स्वतःच येऊन गेले. सांगितलंच असेल तुला. नसेल सांगितलं तर आता माझ्याकडून कळेल आणि घरी थोडी धुसफूस होईल, त्याबद्दल त्यांची माफी माग.

लांब पल्ल्याची गाडी घेऊन आले होते. दारातच म्हणाले, "बसत नाही बाबा, अर्ध्या तासात गाडी काढायचीय."

मी म्हटलं, "मग उभ्यानं चहा घ्या. जन्मभर बसूनच तर असता."

हसले. मग पिशवीतून तिन्ही पाकिटं काढून टेबलावर ठेवली. पुड्या बांधलेल्याच. भिरभिरं तसंच चपटं. पानं तेवढी चुरली होती.

"तुमची पत्रं वाचते ती," म्हणाले. "दोऱ्याच्या डब्यात ठेवते. बाकीचं मात्र म्हणाली, घरात नको."

"आणि ठकी?"

"बटणसुद्धा लावत नाही. सकाळी मी लावून देतो, शाळेत बाई लावतात. परवा पाण्याचा पेला पुढं केला, तर मला म्हणते, 'पप्पा, तू धर, मी पिते.' सात वर्षांची घोडी झालीय, बाबा."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. हातांना काही झालेलं नाही म्हणाले. हाताचं दुखणं असतं तर बरं होतं." भिंतीला टेकून उभे राहिले. गुडघा दुखत असणार, पण खुर्ची घेतली नाही. जवळ एक ती टिल्लूची छोटीच होती. "आई तिला आडून आडून विचारत असते. ती एकच सांगते. भोकं मी पाडली, सगळ्या गुंजांना मीच पाडली, म्हणून विष बाहेर आलं." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "राग नका मानू, पण इतके दिवस विचारायचं होतं. सहा वर्षांच्या पोरीला असलं टणक बी टोचायला तुम्ही दिलंतच कसं?"

मी चहा गाळत होतो. म्हणालो, "साखर एकच चमचा ना?"

ते एकच म्हणाले. चहा प्यायले, कप स्वतः विसळला आणि गेले. चांगला माणूस आहे तुझा नवरा. मी असतो तर कप फेकून मारला असता.

त्यांनी काय विचारलं आणि मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहिलंय. ते तुला का लिहितोय हे मला ठाऊक आहे आणि तुला अजून नाही. आज पुढचं लिहायला बसलो तर दातखीळ बसल्यासारखं होतं, हाताची दातखीळ. या वेळी पाकिटात काही घातलेलं नाही.

बाबा


११ जानेवारी

चि. लेकीस,

आधी सगळ्यांची खुशाली. तुझी पाठ, जावईबापूंचा गुडघा, विहीणबाईंचे डोळे आणि ठकीचे हात. तिच्या हातांची विचारपूस आजवर केली नाही. आज त्यांच्यासाठीच लिहितोय. हे पत्र कामावर वाचू नकोस. घरी, खाली बसून वाच.

क्रमानं लिहितो. फॉर्मे मागेपुढे लागलेलं पुस्तक बाइंडरच्या डोळ्यात खुपतं, आणि गेले अकरा महिने मी तुमच्या हातात तसलंच पुस्तक दिलं होतं.

गुरुवारी मी दोन्ही पोरांना घेऊन बंद पडलेल्या कारखान्याच्या कुंपणाकडे गेलो. तारेवर गुंजेचा वेल चढलाय, थंडी सरत आली की शेंगा तडकतात आणि आत त्या लालभडक, काळ्या टिकलीच्या बिया दिसतात. टिल्लू म्हणाला, "आजोबा, डोळे!" त्याला त्या बिया म्हणजे डोळे वाटले. त्यानं खिसा भरला, ठकीनं फ्रॉकचा ओचा भरला. घरी येताना ठकीनं जाहीर केलं की ती माळ करणार, आईसाठी, आणि सगळी स्वतः करणार, आजोबानं मध्ये मध्ये करायचं नाही.

गुंजेला भोक पाडणं पोराच्या हातचं काम नव्हे. मोठ्या माणसाच्या हातून सटकते. शुक्रवारी दुपारी दोघं झोपली होती तेव्हा मी स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसलो, बाइंडिंगचं दाभण लाल होईपर्यंत तापवलं आणि एकेक गुंज चिमट्यात धरून काळ्या टिकलीतून आरपार टोचली. ऐंशीच्या वर होत्या. पहिल्या दहा-बारा फुटल्या, त्या मी टाकल्या. मग हात बसला. शेवटी शेवटी तर माझं मलाच कौतुक वाटायला लागलं, एवढं साफ भोक पडत होतं. ते दिसू नये म्हणून त्यावर मेणाचा हात फिरवला. नुसतं बघून कुणाला कळलं नसतं.

शनिवारी ठकीला मी एक सुई दिली. लोकर ओवायची, टोक दगडावर घासून गोल केलेली. त्या सुईनं लोणीसुद्धा टोचलं जाणार नाही. तिनं पहिली गुंज धरली, काळ्या टिकलीवर सुई टेकवली, जीभ बाहेर काढून जोर लावला आणि सुई मेणातून पलीकडे गेली. मी ओरडलो, "अरे बापरे! पाडलं की भोक! माझ्या हातून नसतं झालं." पोरगी इतकी फुलली की विचारू नकोस. मग प्रत्येक गुंजेला तोच जोर, तीच जीभ. टिल्लू मोजत होता, एक, दोन, पाच, दोन. तू कामावरून आलीस तेव्हा माळ तुझ्या गळ्यात घालून ती म्हणाली, "आई, सगळी भोकं मी पाडली!" तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "सगळी. मी हातसुद्धा लावला नाही."

तुझी पहिली वही आठवते? निळ्या पुठ्ठ्याची, सातव्या वर्षी तू शिवलेली, गल्लीत सगळ्यांना दाखवत फिरली होतीस ती? तिलाही मी आधी टोचून ठेवलं होतं. तुला आजवर ठाऊक नव्हतं. ठाऊक नसल्यानं तुझं काही बिघडलं नाही, म्हणून मला ही रीत फार चांगली वाटायची.

रविवारी सकाळी तू माळ काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवलीस आणि अंघोळीला गेलीस. मी पेपर वाचत होतो. टिल्लूनं माळ ओढली, दोरा तुटला. मी पोचलो तेव्हा तो चघळत होता. तोंडात बोट घालून एक अर्धी काढली आणि मोरीत टाकली. अर्धी, पोरी. दातानं सहज फुटलेली, कारण ती मी आधीच आतून पोखरून ठेवली होती. मग दवाखाना, आणि डॉक्टरांचा तो प्रश्न.

मागे मी लिहिलं की अख्ख्या होत्या म्हणालो. घाबरलो होतो असं तू समजून घेतलं असशील. नुसता घाबरलो असतो तर आज इतकं जड गेलं नसतं. प्रश्न ऐकला तेव्हा भोकांचा विचार माझ्या मनात आला. नीट आला. मग वाटलं, भोक म्हणजे काही फुटणं नव्हे. मग वाटलं, सांगितलं तर तू म्हणशील, बाबा, तुम्ही तर हात लावला नाही म्हणाला होतात. ठकीच्या देखत खोटं उघडं पडेल. डॉक्टर कागदावर लिहिण्यापूर्वी एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं आणि मी अख्ख्या म्हणालो. ते अर्ध्या गुंजेचं तर बोललोच नाही. खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी त्याचं पोट धुतलं असतं. वाचला असता की नाही ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण त्याला दोन दिवस मिळाले असते, ते मी खाल्ले.

आता मंगळवार. त्याला उलट्या थांबेनात म्हणून पुन्हा नेलं तेव्हा डॉक्टरांनी उरलेली माळ मागवली. खिडकीच्या उजेडात धरून मेण नखानं खरवडलं आणि म्हणाले, "ह्यांना तर भोकं पाडलीत." पुढचं तू विसरली नसशील. बाहेर त्या लांब बाकाजवळ तू ठकीसमोर गुडघ्यांवर बसलीस, तिचे दोन्ही हात हातात घेतलेस आणि विचारलंस, "खरं सांग, कुणी पाडली भोकं?"

ती म्हणाली, "मी. सगळी मी."

म्हणून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. थोडीशी हसली. शनिवारी मी जे बोललो होतो ते मी पुन्हा म्हणेन अशी वाट बघत होती, शाबासकीची. मी खाली फरशीकडे बघितलं. आणि तू तिचे हात सोडलेस.

तुला दोष देत नाही. आत पोर तडफडत असताना कुणीही सोडले असते. पण तू ते पुन्हा धरले नाहीस. रस्ता ओलांडताना पाठीवर हात ठेवून तिला पुढं ढकलायचीस. टेम्पोत चढवतानासुद्धा काखेत धरून चढवलंस. मी रोज ते बघत होतो आणि रोज मूग गिळून बसत होतो. बुधवारी टिल्लू गेला. त्यानंतर मी सांगायचं म्हणजे काय सांगायचं, असं वाटत गेलं. आधी वाटलं दहा-बारा दिवस जाऊ देत. मग तुम्ही गेलात. मग मी कागद आणि पुड्या पाठवत सुटलो. तिच्या हातांना काम मिळालं की ते आपोआप बरे होतील आणि मला बोलावं लागणार नाही, असा हिशोब होता. ते पाऊस काढतो ते चित्र काय, ती मुठीनं उमटणारी पानं काय, सगळ्यातून माझीच सुटका करून घेत होतो. तू त्यातलं काही तिच्यासमोर ठेवलं नाहीस ते बरं केलंस.

जावईबापूंनी सरळ विचारलं तेव्हाही मी साखर विचारली. त्यांना हे पत्र दे. म्हणावं, चहा पुन्हा पाजायची माझी लायकी नाही, पण उत्तर हे आहे: तिला टोचायला मी दिलंच नव्हतं.

दवाखान्याच्या डॉक्टरांना असंच सगळं लिहून काल पत्र टाकलं. ते पुढं काय करतील ते करोत. पोलिसांत जा म्हणाले तर जाईन. घड्याळजीलाही सांगितलं. त्यानं डोळ्याचं भिंग काढून पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाला, "मास्तर, मला नका सांगू. तिथं सांगा." आणि दुकानाचं फळकूट लावून घेतलं. तेव्हापासून बोलत नाही. बरोबर आहे त्याचं.

आता काम. सहा महिने मी तुझ्याकडे नको ते धाडलं, या एका वेळेला ऐक.

पाकिटात ती सुई आहे. तीच, दुसरी नव्हे. आणि पाच चिंचोके आहेत. चिंचोक्याला विष नसतं, आम्ही भाजून खायचो, तरी तुझी खात्री होईपर्यंत दवाखान्यात कुणालाही विचार. यांना मी हात लावलेला नाही. भोक नाही, चीर नाही, मेण नाही. धुऊन वाळवलेत, बस्स. तू उजेडात धरून एकेक नीट तपासून घे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

रविवारी, सगळे घरी असताना, ठकीला समोर बसव. तिच्या हातात काही देऊ नकोस. आधी तू सुई घे आणि चिंचोक्याला भोक पाडायचा प्रयत्न कर. पडणार नाही. मग जावईबापूंना दे. स्टिअरिंग फिरवून फिरवून दंड झालेत त्यांचे, म्हणावं लावा जोर. त्यांच्यानंही पडणार नाही. विहीणबाईंनाही द्या, त्या सुईला चार शिव्या घालतील, पोरीला ऐकू देत. सगळे हरले की तिला सांग: हीच ती सुई, आजोबानं तुला दिलेली. गुंज यापेक्षाही टणक असते. भोकं तुझ्या हातांनी पडली नाहीत. पडूच शकत नव्हती. आजोबानं तू झोपलेली असताना शेगडीवर दाभण तापवून पाडली, आणि तुला खोटं सांगितलं. नंतर सगळ्यांना खोटं सांगितलं.

ती विश्वास ठेवायची नाही. माझं तिच्याशी फार गूळपीठ होतं. म्हणेल, नाही, मी जोर लावला होता, मला आठवतंय. तेव्हा वाद घालू नकोस. सुई आणि चिंचोका तिच्यासमोर राहू दे. तिनं स्वतः उचलून बघितल्याशिवाय हे सुटायचं नाही, आणि उचललं की सुटेल असं मला वाटतं. आजवर जे काही पाठवलं ते तिला जमावं म्हणून पाठवलं. हे जमू नये म्हणून पाठवतोय.

तिनं उचललं आणि जमेना म्हणून रडायला लागली, तर शेजारी बस आणि तिचे हात धर. माझं नाव घेऊन जे बोलायचं ते बोलू दे तिला. आजोबा वाईट म्हणाली तर नाही नाही म्हणू नकोस, समजूत घालू नकोस. एका आजोबावाचून तिचं काही अडत नाही. हातांवाचून अडेल.

मला क्षमा कर असं लिहिणार नाही, ते मागण्यासारखं राहिलेलं नाही. तू बोलशील ते, आणि जितकी वर्षं बोलशील तितकी वर्षं, मी ऐकून घेईन. पण ते सवडीनं लिही. त्याआधी एक ओळ लवकर टाक, कार्डावर टाकलीस तरी चालेल, विहीणबाईंनी टाकली तरी चालेल. तिनं सुई उचलली का, एवढंच.

बाबा